प्राणी वरून कसा दिसतो, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरात कॉलेज करता आणि स्वतःच्या कॉमिकसाठी काल्पनिक प्राणी काढता. प्राणी बाजूनं काढला की छान उतरतो. तोच थ्री-क्वार्टरमध्ये, म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधल्या तिरक्या कोनातून, किंवा खालच्या कोनातून काढायला घेतला की पाय जमिनीवर टेकत नाहीत, डोकं धडावर बसत नाही. शिवाय हल्ली तुमचे सगळे प्राणी एकमेकांचे भाऊ वाटायला लागलेत. म्हणून पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळ-लांबचं अंतर सपाट कागदावर दाखवण्याच्या पद्धतीचा, एक कोर्स आणि डिझाइनचा दुसरा कोर्स लावू का, असं तुम्ही विचारलंय. सोबत एकाच प्राण्याची दोन चित्रं आहेत. खवल्यांचं अंग, दोन शिंगं, चार पाय, पाठीवर पंख. एक बाजूनं, एक समोरून खालच्या कोनातून.

मी कॉमिक आणि गेमच्या कामांसाठी प्राणी डिझाइन करतो, इथंच राहून मुलांना शिकवतोही. तुमची दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा मला दोन अडचणी दिसल्या नाहीत, एकच दिसली. तुम्ही प्राण्याची कड ठरवली आहे, त्याचं अंग अजून ठरलेलं नाही. पाठीचा बाक, शिंगाचं वळण, शेपटीची लय हे सगळं पक्कं आहे आणि सुरेख आहे. पण छाती किती रुंद? पुढच्या दोन पायांत अंतर किती? शिंगं कवटीतून सरळ मागं जातात की बाहेर फाकतात? बाजूच्या चित्रात या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागत नाहीत. प्राणी वळवला की सगळी एकदम द्यावी लागतात आणि तुम्ही ती ऐनवेळी, प्रत्येक अवयवाला वेगळी देता. म्हणून चित्र मोडतं. आणि सगळे प्राणी सारखे दिसतात तेही याच कारणानं: कड बदलते, आतलं धड दर वेळी तेच राहतं.

आता, हे किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला कुठं जायचंय यावर अवलंबून आहे. लहान मुलांच्या पुस्तकासाठी सपाट, सजावटीचे प्राणी काढायचे असतील तर बाजूचं चित्र पुरतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तुमचे काका चादरीची डिझाइनं ग्राफ पेपरवर उतरवायचे असं तुम्ही लिहिलंय. त्या कामात मोर सपाटच हवा. प्रत्येक चौकोन म्हणजे विणीतला एक ठिपका, तिथं खोली आणायला गेलं तर नक्षी बिघडते. तुमची कडेवरची पकड बहुधा त्या घरातूनच आली असावी आणि ती मोठी ठेव आहे. पण कॉमिकमध्ये प्राणी धावणार, उडी मारणार, चौकटीतून अंगावर येणार. गेमच्या कामात तर तुमच्या चित्रावरून दुसरा माणूस थ्रीडी मॉडेल घडवणार. तिथं नुसती कड पुरत नाही.

माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं एकच काम सांगतो: तुमचा प्राणी वरून काढा. म्हणजे छपराला टांगलेल्या पंख्यावरून खाली पाहिल्यावर तो जसा दिसेल तसा. बहुतेकांची पेन्सिल इथं अडते, आणि ती अडते तिथंच खरं काम आहे. तुम्ही शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल तर त्यात घनभूमिती होती. एका ठोकळ्याचा आराखडा म्हणजे प्लॅन खाली, दर्शनी देखावा म्हणजे एलिव्हेशन वर, आणि दोन्ही सरळ रेषांनी जोडलेले. मुलं ते मार्कांपुरतं करतात आणि विसरतात. प्राण्यांच्या डिझाइनमध्ये जिला टर्नअराउंड म्हणतात ती शीट म्हणजे नेमकं तेच आहे. बाजूच्या चित्रावरून आडव्या रेषा ओढा, त्याच उंचीवर समोरचं चित्र बसवा: डोळ्याची उंची, खांद्याची, कोपराची, पोटाची. मग खाली वरचं दृश्य काढा. तिन्ही चित्रं एकमेकांशी जुळली की तुमच्याकडं पहिल्यांदा एक अंग असेल.

वरून पाहायची सवय लावायला पैसे लागत नाहीत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहा आणि खालून जाणारी म्हैस पाहा. बाजूनं ती चौकोनी, भरीव दिसते. वरून मात्र खांद्याशी अरुंद, पोटाशी एकदम फुगलेली आणि मागं माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना हाडं टोकदार वर आलेली. कुत्रा वरून जवळजवळ होडीसारखा निमुळता. घोरपड वरून पाहिली तर कोपरं अंगाबाहेर फाकलेली आणि चालताना सगळा कणा डावी-उजवीकडं नागमोडी वळतो. ही तीन अंगं बाजूनं काढली तर त्यांतला हा फरक निम्मासुद्धा कळत नाही.

यानंतर पर्स्पेक्टिव्ह. त्यातला प्राण्यांसाठी लागणारा भाग पुस्तकांतल्या इमारतींपेक्षा खूप कमी आहे. आधी प्राणी काढूच नका, जमीन काढा. चार पावलं जिथं टेकणार तो आयत जमिनीवर पर्स्पेक्टिव्हमध्ये आखा आणि पावलं त्याच्या कोपऱ्यांवर ठेवा. तुमच्या दुसऱ्या चित्रात चारही पाय एकाच आडव्या रेषेवर आहेत. बाजूच्या चित्राची सवय तिथं डोकावते. लांबचे पाय कागदावर वर सरकायला हवेत. मग छातीचं एक खोकं आणि कंबरेचं एक खोकं त्या आयतावर उभं करा. प्राणी सरळ उभा असेल तर दोन खांदे जोडणारी रेषा, दोन पुठ्ठे जोडणारी रेषा, दोन डोळे आणि दोन शिंगांची बुडं जोडणाऱ्या रेषा, या सगळ्या एकाच व्हॅनिशिंग पॉइंटकडं, म्हणजे समांतर रेषा लांबवर जिथं मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडं, जातात. तुमच्या चित्रात डोळ्यांची रेषा एकीकडं आणि खांद्यांची दुसरीकडं जातेय, म्हणून डोकं उसनं आणल्यासारखं वाटतं. प्राण्यानं मान वळवली असेल तर डोक्याच्या खोक्याला त्याचा स्वतःचा व्हॅनिशिंग पॉइंट मिळतो. पण मान वळवायची हे आधी ठरलेलं असावं, चुकून वळलेली नसावी.

डोळ्याच्या पातळीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मोठा प्राणी मोठा वाटतो की नाही ते सगळं इथं ठरतं. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांवर धरा. क्षितिजरेषा, म्हणजे चित्रातली डोळ्याच्या पातळीची आडवी रेषा, मग चित्रातल्या प्रत्येक उभ्या वस्तूला जमिनीपासून पाच फुटांवरच कापते, ती वस्तू जवळ असो की लांब. तुमचा प्राणी पंधरा फूट उंच असेल तर क्षितिज त्याला एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे साधारण गुडघ्या-कोपराच्या आसपास कापेल. मागं त्याच जातीचा दुसरा प्राणी उभा केलात तर त्यालाही तिथंच कापेल. हे पाळलंत तर प्राण्याशेजारी माणूस न काढताही तो अवाढव्य दिसतो. क्षितिज त्याच्या पाठीच्या वर नेलंत तर तो तुमच्यापेक्षा बुटका झाला, अंगावर कितीही काटे काढा. पंधरा फुटी प्राण्याच्या पावलांचा वरचा भाग दिसणं आणि पोटाची खालची बाजू दिसणं, दोन्ही एकाच चित्रात बरोबर असतं, कारण पावलं डोळ्याच्या खाली आणि पोट वर आहे. पण सरळ उभ्या प्राण्याच्या पोटाची खालची बाजू आणि सपाट पाठ दोन्ही एकदम दिसणार नाहीत. तुमच्या चित्रात दिसतायत.

पाय, मान, शेपूट, शिंगं हे सगळे नळे आहेत, आणि नळ्याची दिशा सांगतो तो त्याचा लंबगोल. वस्तुचित्रात तांब्याचं तोंड काढताना हा लंबगोल तुम्ही गिरवलाय. तो डोळ्याच्या पातळीवर आला की मिटून रेषा होतो, जसजसा पातळीपासून दूर जातो तसतसा उघडतो. भुईकोट किल्ल्यात जाऊन एका गोल बुरुजासमोर उभे राहा. डोळ्यासमोरचा दगडांचा थर जवळजवळ सरळ दिसतो. त्याच्या वरचे थर कमानीसारखे वर उचललेले आणि खालचे उलटे, खाली झुकलेले. खालून पाहिलेल्या उंच प्राण्याची मान तशीच असते: घडी, पट्टे, आयाळीचा घेर सगळं वर कमानत जातं. बुरुजाचं एक स्केच करा आणि त्यावरच मान आणि डोकं चढवा.

शिंगांसाठी तर आपला जिल्हा म्हणजे उघडी शाळा आहे. पंढरपुरी म्हशीची शिंगं पाहा, तलवारीसारखी लांब, मागं जाऊन खांद्याच्याही पलीकडं पोचणारी. खिल्लार बैलाची वेगळी: मागं झुकून मग धनुष्यासारखी वर येणारी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट दिसला तर त्याची पिळदार शिंगं दुर्बिणीतून नीट पाहा. त्यांवर कडी असतात आणि प्रत्येक कडं म्हणजे एक तयार लंबगोल. शिंग कुठं तुमच्याकडं येतंय, कुठं लांब जातंय, ते कडीच सांगतात. जोडीतलं दुसरं शिंग अंदाजानं काढू नका. दोन्ही शिंगं मावतील असं एक खोकं कवटीवर ठेवा, एका शिंगाचं टोक खोक्याच्या कुठल्या कोपऱ्याजवळ येतं ते पाहा आणि समोरच्या बाजूला तोच बिंदू पर्स्पेक्टिव्हच्या रेषेनं नेऊन ठेवा. एवढं केलं तरी चित्र निम्मं सावरतं.

खवल्यांचं वेगळं सांगायला हवं. तुम्ही ते अंगभर सारख्या मापाचे, ग्राफ पेपरवर भरल्यासारखे काढलेत आणि त्यांनी गोल धड पुन्हा चपटं केलंय. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळात बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलेली आहेत. दर्शन झाल्यावर थोडा वेळ फक्त मुखांच्या एका ओळीकडं पाहा. मधली मुखं तुमच्याकडं पाहतात. कडेकडं जाताना तीच मुखं अरुंद होत जातात, शेवटची तर नुसती नाक-कपाळाची उभी रेघ उरतात. नक्षी वस्तूच्या अंगावरून वळते ती अशी. तुमचे खवलेही तसेच पोटाच्या कडेला दाटून अरुंद व्हायला हवेत. आणि सगळे काढायची गरजही नाही. उजेड-सावलीच्या सीमेवर आणि सांध्यांजवळ थोडे काढा, बाकी अंग मोकळं सोडा.

आता जिवंत जनावरांकडं वळू. इंटरनेटवरचे दुसऱ्यांचे ड्रॅगन पाहून ड्रॅगन काढणं पूर्ण थांबवा, निदान काही महिने. त्यात त्या चित्रकारानं घेतलेले निर्णय मिळतात, निर्णयामागचं हाड-मांस मिळत नाही. सांगोल्याचा जनावरांचा बाजार, अकलूजचा घोडेबाजार, संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत येणारी जनावरं, हे सगळं आपल्या हाताशी आहे. मालकाला विचारून, जनावराच्या मागच्या पायांपासून लांब बसून काढा. सुरुवातीला फक्त तीन गोष्टी टिपा: कण्याची रेषा, छातीचा गोळा, कंबरेचा गोळा. पायांचे सांधे मात्र नीट समजून घ्या. गाईच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं मनगट आहे, कोपर वर छातीला लागून असतं. मागच्या पायात मागं वळलेला टोकदार सांधा म्हणजे टाच. आपण तळव्यावर चालतो, कुत्रा बोटांवर, गाय नखांच्या टोकांवर. आणि गाय, घोडा यांना गळ्याचं हाड नसतं, खांद्याचं पातं धडाला नुसत्या स्नायूंनी लटकलेलं असतं. म्हणून चालताना ते पाठीवर वर-खाली सरकतं. तुमच्या प्राण्याला हे सरकतं पातं दिलंत की तो उभ्या उभ्याही चालेल असा वाटायला लागतो.

मोबाइलनं फोटो काढणार असाल तर जवळ जाऊन काढू नका. जवळून घेतल्यावर म्हशीचं तोंड प्रचंड आणि अंग इवलंसं येतं. मागं सरका आणि झूम करा. फोरशॉर्टनिंग, म्हणजे पाहणाऱ्याकडं येणारं अंग आखूड दिसणं, किती तीव्र दिसणार हे पाहणारा किती जवळ आहे त्यावर ठरतं, हे यातून आपोआप कळतं. कॉमिकच्या चौकटीतही तो निर्णय तुमचाच: प्राणी हातभर अंतरावर आलाय की माळाच्या टोकाला उभा आहे?

सारखेपणाबद्दल. तुमच्या प्राण्यांत डोकं, धड आणि पाय यांचं माप दर वेळी जवळपास तेच असतं, बदलतात फक्त शिंगं आणि काटे. पुढच्या खेपेला शिंगं, काटे, पंख यांना बंदी घाला. नुसते काळे आकार भरा, नखाएवढे छोटे, भरपूर. एकात छाती अवाढव्य आणि मागचा भाग कृश, एकात मान सगळ्यांत मोठी, एकात पोट जमिनीला टेकलेलं. तुमचं सपाट आकारांवरचं प्रभुत्व इथं खरं कामी येईल. पंढरपुरी म्हैस पाहिली की मला नेहमी वाटतं, एकच गोष्ट मोठ्यानं बोलतेय आणि बाकी अंग शांत आहे. शिंगं एवढी विलक्षण, पण कातडी साधी, गुळगुळीत, काळी. तुमच्या प्राण्यात खवले, शिंगं, पंख, नखं, सगळेच एकदम बोलतात.

आणि प्रत्येक प्राण्याला एक काम द्या. तो काय खातो, कुणाला घाबरतो, मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काय करतो? आपल्या माळावर टिटवी उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती थंड ठेवते. माळढोकाचा नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडतो, तेव्हा त्याचा सगळा आकारच बदलतो. नान्नजला 1979 पासून अभयारण्य आहे, तरी आज माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालंय. पण या दोन पक्ष्यांवरूनच किती प्राणी सुचतात पाहा: पाणी अंगावर वाहून नेणारा, रागावला की आकार बदलणारा. अशा प्राण्याला काटे लावावेसेही वाटत नाहीत, त्याची ओळख आधीच झालेली असते.

मिश्रण करायचं तर एका प्राण्याला मुख्य ठेवा. जुन्या देवळांतला मकर आठवा, हत्तीची सोंड, मगरीचा जबडा, मागं पानाफुलांसारखा पसरलेला पिसारा. तरी तो तुकड्यांचा वाटत नाही, कारण सोंडेपासून शेपटापर्यंत एकच वळण धावतं आणि मगरीचा भार सगळ्यांवर चढा राहतो. चार प्राणी समान वाट्यानं घेतले की कुठलाच दिसत नाही.

तुमच्या पंखांचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय, वटवाघळाचाही पंख म्हणजे हाताच्या बोटांवर ताणलेली कातडी. चार पाय आणि वर दोन पंख असलेला कणाधारी प्राणी निसर्गात नाही. त्यामुळं दुसरी खांद्याची जागा तुम्हालाच घडवावी लागेल. उडणारा हवा असेल तर छातीचा पिंजरा लांब करा, पंखांचं पातं पुढच्या खांद्याच्या मागं ठेवा आणि छातीचं हाड पक्ष्यासारखं खोल, पुढं आलेलं ठेवा, कारण उडायचे स्नायू तिथंच बसतात. तसं केलं की प्राण्याचं सगळं माप बदलेल आणि तो तुमच्या आधीच्या प्राण्यांसारखा दिसणं आपोआप थांबेल. उडायचं नसेल तर पंख कशाला, ते सांगा. पिल्लांवर सावली धरायला असतील तर ते रुंद, आखूड आणि पाठीवर सपाट मिटणारे होतील. माझं मत विचाराल तर या प्राण्याला सावलीचे पंख शोभतील, त्याचा चेहरा शिकाऱ्यापेक्षा राखणदाराचा आहे.

हे सगळं डोक्यात धरणं जड जात असेल तर शाडू मातीचा किंवा प्लॅस्टिक क्लेचा मूठभर गोळा घ्या आणि प्राणी ओबडधोबड घडवा. डोळे, खवले काही नको. टेबल लॅम्पखाली ठेवून फिरवा आणि वेगवेगळ्या बाजूंनी काढा. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात चार-पाच खोकी मांडून कोन तपासायलाही हरकत नाही. मात्र खोक्यांची मापं आधी कागदावर ठरलेली असू द्या, नाहीतर सॉफ्टवेअर देईल तेच धड तुम्ही स्वीकाराल.

कोर्सबद्दल: दोन वेगळे कोर्स आत्ता लावू नका. पैसा आणि वेळ हाताशी असेल तर प्राण्यांच्या शरीररचनेचा एखादा चांगला वर्ग करा, पर्स्पेक्टिव्ह त्यातच मुरतं. नसेल तर आत्ताच्या याच प्राण्यावर काम करा, नवा घेऊ नका. आधी बाजू, समोर आणि वर अशी तीन जुळणारी दृश्यं. मग मातीचा गोळा. मग जमिनीवरचा आयत आणि क्षितिज आखून तेच खालच्या कोनातलं चित्र पुन्हा. पंख काढून टाकून एकदा आणि पंखांसकट एकदा. रंग, खवले, छटा अगदी शेवटी.

वरचं दृश्य झालं की ते इथंच टाका. बाकी चित्र अर्धवट असलं तरी चालेल. खांद्याची रुंदी आणि पंखांच्या पात्याची जागा मला त्यावर खुणा करून दाखवता येईल.